उजेडाचे राजकारण आणि भूमिहीनांचा कागद

पवनचक्क्या आणि सौरऊर्जा यांच्या प्रकल्पांना गावोगाव होणाऱ्या विरोधाबद्दल अलीकडे मराठीत बरेच लिहिले जात आहे. या लेखनाच्या ढोबळ दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेचे लेखक म्हणतात, ही वीज स्वच्छ आहे, तिला कोळसा लागत नाही, तेव्हा विरोध करणारे एक तर अडाणी किंवा कोणीतरी चिथावलेले. दुसऱ्या तऱ्हेचे लेखक म्हणतात, डोंगर, झाडे आणि झरे वाचले पाहिजेत. शासनाने सर्व कागदपत्रे लोकांसमोर ठेवली पाहिजेत. ही दुसरी तऱ्हा मला जवळची वाटते. तरीही ती वाचताना एक प्रश्न पाठ सोडत नाही. हे 'लोक' म्हणजे नेमके कोण? आणि जे कागद उघडायचे, त्यांत आमचे नाव कोणत्या रकान्यात आहे?

मी खडकीत वाढलो. वडील दारूगोळा कारखान्यात कामाला होते. १८६९ साली इंग्रजांनी काढलेला हा कारखाना. कामावर आज काय केले, कशात काय भरले, हे वडिलांनी घरात कधी सांगितले नाही. १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याचे नाव आम्हा पोरांना शाळेत जाण्याआधी माहीत होते. त्या गुप्ततेचा मला कधी राग आला नाही. काडतुसाची माहिती शत्रूला कळू नये, एवढे कोणालाही पटते. पण माळावर उभ्या राहणाऱ्या सौर पट्ट्यांत कसले गुपित आहे? तिथला करार, तिथला नकाशा, तिथल्या ग्रामपंचायतीचा ठराव कोणत्या शत्रूपासून लपवायचा? ज्यांच्यापासून तो लपवला जातो ते तर त्याच माळावर बाजरी पेरणारे आहेत.

येथे आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विजेला विरोध ही आमची भूमिका असू शकत नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणी त्याच काळातली. यंत्र आणि वीज यांच्याशिवाय या देशातील दलितांची आणि श्रमिकांची शेणामातीतून सुटका नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून कंदिलाच्या उजेडातील गावाचे गोडवे गाणारे निसर्गप्रेम आम्हाला परके आहे. त्या उजेडात आमचे काय होत होते ते आम्ही विसरलेलो नाही. परंतु वीज स्वस्त आणि मुबलक व्हायची असेल तर तिची मालकी कोणाची, हा प्रश्नही बाबासाहेबांनी तेव्हाच उपस्थित केला होता, हे विसरून कसे चालेल?

आता आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहू. पाण्यावरची वीज हीही न संपणारी वीज, आणि तिच्याविरुद्धचा लढा पुण्याच्या पश्चिमेला मुळशी पेट्यात झाला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याने जमिनी घेतल्या त्या एका खाजगी कंपनीसाठी. विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट यांची नावे या लढ्याशी कायमची जोडली गेली. बापट तुरुंगात गेले, धरण पुरे झाले, पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरले आणि वीज मुंबईला गेली.

या लढ्यावर पुष्कळ भारावलेले लेखन झाले. त्या भारावलेपणाला छेद दिला तो राजेंद्र व्होरा यांनी. पेट्यातल्या कितीतरी जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांच्या घशात गेल्या होत्या आणि मोबदल्याची वेळ आली तेव्हा या सावकारांचे हित आणि कसणाऱ्या मावळ्याचे हित एक राहिले नाही, हे त्यांनी पुराव्यानिशी मांडले. मराठीतील फार थोड्या अभ्यासकांनी दाखवलेला हा प्रामाणिकपणा आहे. तरीही मला वाटते, या विश्लेषणाला आणखी एक पायरी उतरायला हवे. सावकार आणि शेतकरी या दोघांमधले भांडण जमिनीच्या कागदावरचे आहे. ज्याचे नाव सावकाराच्या वहीतही नव्हते, जो बलुत्यावर आणि रानातल्या सरपणावर जगत होता, त्या महाराचे, मांगाचे, कातकऱ्याचे काय बुडाले? मोबदल्याच्या यादीत जे बसत नाही ते बुडालेच नाही, असे सरकार म्हणते. इतिहासकारही तीच यादी पुढे घेऊन बसला, तर नकळत तोही तेच म्हणू लागतो.

नव्वद वर्षांनी हाच जिल्हा पुन्हा चर्चेत आला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने ३१ ऑगस्ट २०११ ला केंद्र सरकारला अहवाल दिला. भीमाशंकरच्या परिसरातील पवनचक्क्यांबद्दल त्यात जे लिहिले आहे ते प्रत्येकाने वाचावे. हे रान जैविकदृष्ट्या मोलाचे आहे, येथे परवानगी देऊ नये, असे स्थानिक वनाधिकाऱ्याने लिहिले होते. वरिष्ठांनी ते डावलले. रस्ते खोदले गेले, हजारो झाडे गेली, राडारोडा ओढ्यांत आणि शेतांत उतरला. पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरावर राहणाऱ्यांचे २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे हक्क मान्य करणे दूरच राहिले. कंपनीचे फलक आणि नाकी उभी करून त्यांची वाटच अडवली गेली.

आणि या अहवालाचे काय झाले? सरकारने तो दाबून ठेवला. केरळातील एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला. राष्ट्राच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हिताला बाधा येईल, असे मंत्रालयाचे म्हणणे. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो खुला करण्याचा आदेश दिला; मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि तेथेही हरले. मे २०१२ मध्ये अहवाल बाहेर आला. खडकीच्या कारखान्यात शोभणारी गुप्तता झाडे आणि झरे यांच्या नोंदीला लावली गेली, याहून विपरीत काय असणार?

गाडगिळांच्या अहवालाबद्दल मला आदर आहे. निर्णय ग्रामसभेने घ्यावा, हा त्यांचा आग्रहही लोकशाहीचा आहे. पण नेमके येथेच आमचे मतभेद सुरू होतात. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याबद्दलचा भाबडेपणा निकालात काढला. खेडे हे संकुचितपणाचे आणि जातीयतेचे आगर आहे, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. ग्रामसभेसमोर कागद ठेवला म्हणजे गावासमोर ठेवला, असे मानणाऱ्याने एकदा त्या सभेत वस्तीतली माणसे कुठे बसतात आणि किती बोलतात, ते पाहून यावे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमचे मूळ गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. तेथे माझे चुलते गायरानाचा एक तुकडा पन्नासेक वर्षे कसत आले. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या लाटेने आमच्यासारख्यांना गायरान नांगरण्याचे धैर्य दिले. मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी आयुष्य वेचले ते याच प्रश्नावर. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. चुलत्यांकडे त्या आधीच्या दंडाच्या पावत्या आहेत. सातबारा मात्र आजवर झालेला नाही.

२०२४ साली त्या माळावर मोजणीची माणसे आली. सौर प्रकल्प होणार, एवढेच कळले. मी येथून माहितीचा अर्ज केला. संबंधित कार्यालयाने उत्तर दिले की, ही माहिती त्रयस्थ पक्षाची आहे. जमीन सरकारी, योजना सरकारी, वीज घेणारी कंपनीही सरकारी. मग त्रयस्थ कोण? अपिलानंतर काही पाने मिळाली. मी ती घेऊन गावी गेलो आणि चुलत्यांना वाचून दाखवू लागलो. त्यांनी मध्येच थांबवले. म्हणाले, "समदं ऱ्हाऊ दे. आपलं नाव हाय का त्यात, तेवढं बघ." नाव होते. गाव नमुना एक-ई मध्ये. एक-ई म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही.

माझ्या म्हणण्याचे सार या एका नोंदीत आहे. भूमिहीनाचे नाव सरकारदप्तरी नाही, असे नाही. ते आहे, पण गुन्हेगार म्हणून आहे. तोच कागद त्याच्या कसण्याचा पुरावा आणि त्याला हुसकावण्याचा आधार. निव्वळ पारदर्शकता मागणारा सुशिक्षित माणूस म्हणतो, कागद उघडा. उघडला. त्यात लिहिले आहे की हा अतिक्रमक आहे. पुढे काय?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे दुसरे पर्व २०२३ साली सुरू झाले. हेतू चांगला आहे. शेतकऱ्याला पंपासाठी दिवसा वीज मिळावी. आता हिशेब पाहा. खाजगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे. सरकारी जमीन कंपनीला नाममात्र भाड्याने. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख. पंपाला वीज, म्हणजे ज्याला विहीर आणि जमीन आहे त्याला. आणि जो गायरान कसतो, ज्याला ना विहीर ना पंप, त्याला नोटीस. या योजनेत सर्वांचा वाटा ठरलेला आहे. फक्त ज्याच्या पायाखालची जमीन जाते त्याचा नाही. शिवाय सौर आणि पवन प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखालील पूर्वपरवानगी लागत नाही. त्यामुळे जनसुनावणीही नाही. सरकारी जमीन असल्याने भूसंपादन नाही, म्हणून मोबदल्याची नोटीसही नाही. कागद लपवण्याची गरजच उरत नाही. तो जन्मालाच येत नाही.

जेथे कागद नसतो तेथे मध्यस्थ शिरतो. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी तपास यंत्रणेने आरोपपत्रात त्याचा संबंध जोडला. महिनोन्‌महिने या प्रकरणावर लिहिले गेले, ते योग्यच होते. पण वादाची ठिणगी पडली ती प्रकल्पाच्या जागेवरील रखवालदाराला झालेल्या मारहाणीतून, आणि तो रखवालदार दलित होता, ही गोष्ट किती जणांच्या लक्षात राहिली? या नव्या उजेडात आमच्या वाट्याला आलेली जागा तीच आहे: फाटकावर, काठी घेऊन.

आमच्या साहित्यालाही मला विचारायचे आहे. दया पवारांनी धरण बांधणाऱ्या बाईचे गाणे लिहिले. विकासाच्या कामावरचे आमचे हात त्यांनी दाखवले. त्यानंतर आम्ही पाणवठा लिहिला, वाडा लिहिला, शहरातली झोपडपट्टी लिहिली. गायरान किती लिहिले? पर्यावरण हा पांढरपेशांचा छंद आहे म्हणून आम्ही तो विषय त्यांच्यावर सोपवला आणि त्यांनी त्यात साहजिकच स्वतःला दिसले तेवढे लिहिले. याचा दोष त्यांना एकट्यांना देता येणार नाही.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. प्रकल्पाची जागा ठरण्याआधी तेथे प्रत्यक्ष कोण कसते याची पाहणी व्हावी आणि ती वस्तीत जाऊन वाचून दाखवावी. १९९१ च्या निर्णयात बसणारी प्रकरणे निकाली निघाल्याशिवाय त्या गायरानावर खांब रोवू नये. सार्वजनिक जमिनीवरील गायराने मोकळी करा म्हणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या निकालानेही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद मान्य केला आहे. आणि खाजगी जमीनवाल्याला भाडे मिळते, तर कसणाऱ्याला त्याचा वाटा का नाही?

चुलत्यांचा अर्ज अजून पडून आहे. पावत्यांच्या प्रती त्यांनी माझ्याकडे खडकीला ठेवायला दिल्या आहेत. वडिलांच्या कारखान्यातल्या जुन्या ओळखपत्राशेजारी मी त्या ठेवल्या आहेत. त्या घरात गुपित पाळण्याची सवय होती. हे गुपित मात्र आम्ही पाळणार नाही.