मोनेची ‘जलकमळे’ : मांडणी आणि कलाकृती

पॅरिसच्या अल्पकालीन भेटीत ओरांजरी संग्रहालयातील क्लोद मोनेची ‘जलकमळे’ घाईने पाहून भागत नाही. दोन लंबवर्तुळाकार दालनांतील आठ चित्ररचना प्रेक्षकाला चोहोबाजूंनी वेढतात. १९१८च्या युद्धविरामानंतर मोनेने ही चित्रे फ्रान्सला देऊ केली. त्याच्या मृत्यूनंतर, १९२७मध्ये, ती खुली झाली. छतातून येणारा दिवसाचा प्रकाश हा या योजनेचा अविभाज्य घटक होता. १९६०च्या दशकात वर मजला चढवल्याने तो हरपला. २००६मध्ये नूतनीकरणानंतर परतला. मधल्या काळात चित्रे तीच होती, कलाकृती मात्र अपूर्ण होती. म्हणूनच मांडणीला कलाकृतीबाहेरची व्यवस्था मानणारी समीक्षा येथे तोकडी पडते. बाहेरचा प्रकाश बदलताच चित्रातले पाणीही पालटते. तो पालट अनुभवण्याइतके थांबणे, हाच येथील रसास्वादाचा आरंभ होय.