त्रिपिटकातील शब्दशोध : एक चिकित्सा

गेल्या वर्षावासात ग्रंथवाचनाच्या निमित्ताने राळेगाव येथील विहारात काही दिवस जाण्याचा आम्हांस योग आला. कालामांना केलेल्या उपदेशाची चर्चा चालली असता एका तरुण उपासकाने आपल्या भ्रमणध्वनीवर त्रिपिटकाच्या एका शोधसुविधेत 'कालाम सुत्त' असे लिहिले. काहीही आढळले नाही. दोन्ही शब्द जोडून लिहिले, तेव्हा 'भरण्डुकालामसुत्त' पुढे आले, आणि या सुत्ताचा त्या उपदेशाशी काही संबंध नाही. "सर, मग आम्ही इतकी वर्षे भाषणांतून सांगत आलो ते त्रिपिटकात नाहीच का?" असे एका वयोवृद्ध उपासिकेने विचारले. हा प्रश्न आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

ते सुत्त अर्थातच आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात, महावग्गात, ते सर्वांस उपलब्ध आहे. मात्र छट्ठसंगायनाच्या पाठात त्याचे नाव 'केसमुत्तिसुत्त' असे असून अन्य पाठांत त्या निगमाचे नाव 'केसपुत्त' असे येते. कालाम हे तेथील रहिवासी. लोकांनी सुत्ताला रहिवाशांचे नाव दिले, संगीतिकारांनी गावाचे दिले, आणि यंत्रास यांपैकी काहीच ठाऊक नाही. दीघनिकायातील ज्या सुत्ताला आपण 'सिगालोवाद' म्हणतो, त्याची गतही अशीच आहे. छट्ठसंगायनात ते केवळ 'सिङ्गालसुत्त' आहे.

यांगून येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या छट्ठसंगायनाचा पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९७ साली संगणकीय तबकडीवर आणला, हे कार्य किती मोठे आहे हे आम्ही मुद्दाम सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांनी विद्यार्थिदशेत एका संदर्भासाठी ग्रंथालयात आठवडे घालवले, त्यांना त्याचे मोल ठाऊक आहे. तथापि पाठ उपलब्ध होणे आणि पाठ सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजच्या बहुतेक शोधसुविधा अक्षरांची रांग जुळवून पाहतात. पाली ही विभक्तिप्रधान भाषा आहे. 'राजा' लिहिणाऱ्यास 'रञ्ञो' मिळत नाही. 'भिक्खु' लिहिले की 'भिक्खवे' निसटते, म्हणजे भगवंतांनी संघास केलेले संबोधनच शोधातून वगळले जाते. संधीच्या बाबतीत देवनागरीची अडचण तर रोमन लिपीहूनही अधिक आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली गेलेली नाही. 'चत्तारिमानि' या पदात 'इमानि' दडलेले आहे. रोमन लिपीत ही अक्षरे सलग तशीच असतात व सापडतात. देवनागरीत मात्र आरंभीचा 'इ' मात्रा होऊन 'र'मध्ये विलीन होतो, आणि शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

लेखनभेदांचा प्रश्न याहून साधा, पण अधिक छळणारा आहे. मराठी वाचक 'संघ' लिहितो, पाठात 'सङ्घ' आहे. रोमन आवृत्तीवर शिकलेला अभ्यासक 'विरिय' आणि 'व्यञ्जन' लिहितो, छट्ठसंगायनात 'वीरिय' आणि 'ब्यञ्जन' आहे. आपल्या सर्व मराठी पुस्तकांत 'चुल्लवग्ग' आहे, तेथे 'चूळवग्ग'. फार काय, भाषेचे नावदेखील तेथे 'पाळि' आहे! (राळेगावच्या मंडळींना हा 'ळ' फार आवडला. त्यांच्या गावाचे नाव इंग्रजीतून परत येताना बहुधा 'रालेगाव' होऊनच येते.)

यावर कोणी म्हणेल की सर्व भेद मोडून टाकावेत, म्हणजे काहीही लिहिले तरी सर्व काही मिळेल. हा उपाय आम्हांस मान्य नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसला तर 'मन' आणि 'मान', म्हणजे चित्त आणि अहंकार, एकाच राशीत पडतील. 'ल' आणि 'ळ' एक केले तर पालीतील 'काल' हा समय आणि 'काळ' हा कृष्णवर्ण यांत अंतर राहणार नाही. वाचकाने जसे लिहिले तसे जे मिळेल ते प्रथम दाखवावे, आणि त्याखाली वेगळ्या शीर्षाने जवळची रूपे द्यावीत, एवढा विवेक यंत्र रचणाऱ्यांना करता येण्याजोगा आहे. रूपावरून मूळ शब्द सांगणारे आणि संधी फोडून दाखवणारे डिजिटल पाली डिक्शनरीसारखे कोश आज उपलब्ध आहेतच. ते काम शोधसुविधेच्या दारात आणून बसवणे एवढेच उरते. तारांकनासारखी चिन्हे वापरून शब्दाचा आरंभ किंवा शेवट शोधण्याची सोय पुष्कळ ठिकाणी आहे हे खरे, परंतु ती ज्याला ठाऊक आहे त्याला बहुधा तिची गरज कमी असते.

आणखी एका गोष्टीकडे अभ्यासकांनीही दुर्लक्ष केले आहे. अलीकडे शोधप्रबंधांतून 'अमुक शब्द त्रिपिटकात अमुक वेळा आला' अशी विधाने प्रमाण म्हणून येऊ लागली आहेत. पुनरावृत्त मजकूर 'पे' या खुणेने संक्षिप्त केलेला असतो, हे हे लेखक विसरतात. संयुत्तनिकायाच्या खन्धवग्गात आणि सळायतनवग्गात तर पाने च्या पाने या खुणेत सामावलेली आहेत. यंत्राने मोजली ती छापलेली अक्षरे, पठणात उच्चारला जाणारा शब्द त्याने मोजलेला नाही.

लोकप्रचलित नावांचा प्रश्न मात्र कोणतेही गणित सोडवणार नाही, तेथे माणूसच बसला पाहिजे. मेबल हंट यांनी अंगुत्तरनिकायाची सूची केली, ती १९१० साली प्रसिद्ध झाली. कोणता शब्द कोणत्या शीर्षाखाली घ्यायचा याचा निर्णय तेथे पदोपदी एका वाचणाऱ्या व्यक्तीने घेतलेला आहे. आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ साली निघाला तेव्हा त्यात आधारस्थळे नव्हती. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना ती शोधून काढली. पुढे महाराष्ट्र शासनाने अकराव्या खंडाची पुरवणी म्हणून पाली व इतर आधार सूचीसह १९९५ साली प्रकाशित केले. ज्यांनी हे केले त्यांनी सामान्य उपासकाला ग्रंथातील वाक्यापासून निकायापर्यंत चालत जाण्याची वाट करून दिली. शोधसुविधेने निदान तेवढे तरी करावे, अशी आमची अपेक्षा आहे. आणि काही सापडले नाही तर मुकाट्याने शून्य दाखवू नये. 'या अक्षरांत आढळले नाही, दुसरे लेखन पाहावे' एवढे तरी म्हणावे.

राळेगावला आम्ही त्याच संध्याकाळी एक शंभर पानी वही आणवली. डाव्या बाजूला लोक म्हणतात ते नाव, उजव्या बाजूला पाठातील नाव व स्थळ. पहिली नोंद कालाम–केसमुत्ति ही त्या तरुणानेच केली. दुसऱ्या दिवशी तोच 'अत्त दीप भव' घेऊन आला. पाठात हे तीन सुटे शब्द नाहीत. महापरिनिब्बानसुत्तात 'अत्तदीपा' असा समास आहे आणि त्यापुढे अनेकवचनी 'विहरथ' हे क्रियापद. उजवी बाजू त्याने उपासिकेकडून लिहून घेतली. वही विहाराच्या कपाटात ठेवलेली असून आम्ही निघालो तेव्हा तिची चार पाने भरली होती.