तसबिरीतले मूल आणि घरातले मूल

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बैठकीच्या भिंतीवर पवित्र कुटुंबाची तसबीर असते. योसेफ रंधा मारतो आहे, मरियामाता सूत कातीत बसली आहे आणि बाळ येशू खाली पडलेला लाकडाचा भुगा गोळा करतो आहे. तसबिरीत कुणी दमलेले नाही, कुणी रागावलेले नाही, बाळाच्या अंगरख्यावर डाग नाही. त्या तसबिरीखाली बसून आपण रोज रात्री रोझरी म्हणतो. निदान म्हणायचा प्रयत्न करतो, कारण तिसऱ्या रहस्यापर्यंत धाकटे पेंगलेले असते आणि थोरले भावंडाला चिमटा काढीत असते.

ख्रिस्ती कुटुंबजीवनावर आपल्या नियतकालिकांतून येणारे लेखन मी गेली अनेक वर्षे आवडीने वाचीत आले आहे. नाताळनंतरच्या रविवारी पवित्र कुटुंबाचा सण येतो आणि त्या सुमारास अशा लेखांना बहर येतो. 1903 साली फादर हेन्री डोरिंग यांनी आपल्याच जिल्ह्यातील केंदळहून ‘निरोप्या’ सुरू केला. तेव्हापासून कॅथलिक मराठी घरांत छापील शब्द नियमाने येत राहिला, आणि त्या शब्दाने आपल्याला पुष्कळ दिले. परंतु एक गोष्ट मनाला सलते. या सर्व लेखनात मुलांविषयी इतके लिहिलेले असूनही मूल मात्र क्वचितच भेटते. भेटतो तो ‘बालक’. तो आज्ञाधारक असतो किंवा वाट चुकलेला असतो, आणि वाट चुकला असल्यास लेखाच्या अखेरीस परत येतो. त्याची आई सोशिक असते. तिच्या हातून दूध उतू जात नाही आणि परीक्षेच्या दिवसांत तिचा हातही उठत नाही. हा दोष मी दुसऱ्या कुणाच्या माथी मारीत नाही. असे दोन लेख मी स्वतः लिहिले आहेत आणि ते छापूनही आले आहेत.

श्रीरामपूरला आमच्या घरी माझ्या धाकट्या मुलाने पाचव्या वर्षी, ऐन प्रार्थनेच्या मध्यात, विचारले होते, “मरियामातेनं येशूला कधी धपाटा घातला का गं?” यजमानांनी डोळे वटारले. मला हसू आवरेना. सासूबाई मात्र शांतपणे मणी सरकवीत म्हणाल्या, “घातला असंल. पण लुकाला सांगितलं नसंल.” हे वाक्य मी माझ्या त्या दोन्ही लेखांत घातले नाही. ते तेथे शोभणार नाही असे मला वाटले होते. का शोभणार नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात घरातले खरे मूल दाखविणारे एक पुस्तक आहे आणि ते आपल्या शेजारच्या भूमीतून उगवलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण ‘रेव्हरंड टिळकांच्या पत्नीचे आत्मचरित्र’ म्हणून वाचतो, धर्मांतराची कहाणी म्हणून वाचतो, विनोदासाठी वाचतो. मला ते अलीकडे मुले वाढविण्याचे पुस्तक म्हणून दिसू लागले आहे. लक्ष्मीबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या, अमेरिकन मराठी मिशनच्या होत्या, हे मला ठाऊक आहे. पण राहुरी आणि श्रीरामपूर एकाच दौंड-मनमाड लोहमार्गावर आहेत आणि चुलीचा धूर पंथ विचारीत नाही.

त्या घरात काय चालले होते ते पाहा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा मुलगा दत्तू अगदी लहान होता. आधीची काही मुले लक्ष्मीबाईंनी गमावली होती. आता पतीही गेल्यासारखाच झाला. पुढील काही वर्षे आई आणि मूल नातेवाइकांच्या आश्रयाने राहिले. नंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला आल्या त्याही एकदम पतीच्या पंक्तीला बसायला नव्हे. पती ख्रिस्ती, पत्नी आपले सोवळे सांभाळणारी आणि मुलगा दोघांचा, असा तो संसार होता. ‘घट्ट विणीचे ख्रिस्ती कुटुंब’ असे आपण सहज म्हणतो. हे कुटुंब तसे होते काय? त्याची वीण एकदा पार उसवली होती. ती पुन्हा घालताना प्रत्येक टाका हाताला टोचत होता. 1900 साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो धर्मशास्त्र वाचून नव्हे. रोजच्या स्वयंपाकपाण्यात, विटाळचांडाळाचा हिशेब करता करता, जात ही देवाने केलेली नाही असे त्यांना दिसले म्हणून. हा पालट कळतो तो त्यांनी पाणी, भाकरी, भांडी यांविषयी लिहिले म्हणून.

त्याच सुमारास, 1899-1900 च्या दुष्काळात, राहुरीला अनाथ मुले त्यांच्या पदरी आली. येथे लेखिकेचे मोठेपण दिसते. उपाशी, आजारी, अंगाला वास येणारी मुले जवळ घेताना प्रेमाचा उमाळा आपोआप येतो असे त्या भासवीत नाहीत. किळस येते हे त्या सांगतात आणि ती ओलांडताना स्वतःचीच थोडी थट्टाही करतात. ज्यांच्या घरी लहान मूल आजारी पडले आहे त्यांना यातला खरेपणा समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे नगरच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक तरुण राहावयास आला. तोच आपला बालकवी. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. पण मोठ्या कवीला घडविल्याचा आव त्या कोठेही आणीत नाहीत. तो रुसतो, खातो, हट्ट करतो. आपण आईविषयी जे ‘संस्कार’ असे जड शब्दाने लिहितो ते या घरात ताटावरच्या भांडणांतून आणि समजुतींतून घडत जाते, आणि त्याला संस्कार हे नाव लक्ष्मीबाईंनी दिलेले नाही.

योगायोग असा की मराठीतील दुसरे मोठे मातृग्रंथही याच वर्षांतले आहे. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ती 1935 साली प्रसिद्ध झाली. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 सालचा. आपल्या घरांतूनही ‘श्यामची आई’ वाचली गेली आहे. माझ्या वडिलांनी ती आम्हांला मोठ्याने वाचून दाखविली आणि मीही डोळे पुसले. त्या पुस्तकाचे ऋण नाकारण्याचा कृतघ्नपणा मला करावयाचा नाही. परंतु दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की कळते, एकात मुलगा आईविषयी सांगतो आहे आणि दुसऱ्यात आई स्वतः बोलते आहे. मुलगा सांगतो तेव्हा आई या जगात नाही. तिची प्रत्येक कृती आठवणीने उजळून निघाली आहे आणि तिला आता उलट बोलता येत नाही. आई बोलते तेव्हा ती स्वतःला माफही करीत नाही आणि स्वतःची आरतीही ओवाळीत नाही. आपल्या कॅथलिक लेखनाने पहिली वाट धरली. श्यामच्या आईला मरियामातेची निळी शाल पांघरली की आपला ‘आदर्श माता’ हा लेख तयार होतो. वसईकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942-2024) यांनी ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन लिहिले. ते माझ्या आवडीच्या पुस्तकांपैकी आहे. पण तेथेही बोलतो तो मुलगा, आणि तो धर्मगुरू झालेला मुलगा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. लक्ष्मीबाई ब्राह्मण घरात जन्मल्या. प्रारंभी त्यांना जोडाक्षरे येत नव्हती तरी पती कवी होता, घरात कागद होता, दारी संपादक येत होते. श्रीरामपूर, हरेगाव, राहाता या भागांतील आपल्या आज्या-पणज्या बहुतेक गावकुसाबाहेरून आल्या. उसाच्या फडात, साखर कारखान्यावर, मिशनच्या शेतावर त्यांचे आयुष्य गेले. त्यांनी कधी आणि कशाने लिहायचे?

हे मान्य करूनही प्रश्न संपत नाही. दया पवार आपल्याच जिल्ह्यातील, अकोले तालुक्यातील धामणगावचे. त्यांचे ‘बलुतं’ 1978 साली आले. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ 1986 साली पुस्तकरूपाने आले. तेथे तर बाईने स्वतः बाळंतपण, उपासमार आणि मुलांचे मरण सांगितले आहे. त्याच वाड्यांतून, त्याच दारिद्र्यातून आलेली माणसे लिहिती झाली आणि आपण मात्र तसबिरीसमोर हात जोडून बसलो. मला याचे कारण अक्षरओळखीत दिसत नाही, प्रतिष्ठेत दिसते. मिशनने आपल्याला स्वच्छ कपडे दिले, शाळा दिली, नवे नाव दिले. त्या नव्या नावाला कालची भाकरी चिकटू नये असे आपल्याला वाटले. म्हणून आपण लिहिले तेव्हा नाझरेथहून थेट आल्यासारखे लिहिले. कामिल पारखे यांच्यासारख्या श्रीरामपूरच्या पत्रकाराने या भागातील ख्रिस्ती जीवनावर सातत्याने लिहून बरीच भरपाई केली आहे. परंतु ते पत्रकाराचे काम झाले. स्वयंपाकघरातून अजून फारसे काही आलेले नाही.

आणि त्या स्वयंपाकघरात सांगण्यासारखे नाही काय? एका बोर्डिंगचेच घ्या. आपल्या पिढीतील कितीतरी मुले सहाव्या-सातव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन मिशनच्या बोर्डिंगात गेली. म्हणजे आपल्या ‘घट्ट’ कुटुंबांत मूल वर्षातील बहुतेक दिवस घरी नसे. रविवारी आई फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून, मिस्सा झाल्यावर फाटकापाशी उभी राही. मूल आधी भाकरी घेई की आधी आईला बिलगे, हे तिला आयुष्यभर आठवत असे. माझ्या सासूबाईंना आठवत होते. थोरल्याने भाकरी आधी घेतली होती, आणि पंचेचाळीस वर्षांनंतरही त्या हे हसत सांगताना पदर डोळ्यांकडे नेत. बोर्डिंगने मुलाला शिकविले, धर्म दिला, नोकरीस लायक केले. त्याच बोर्डिंगने आईला रविवारची पाहुणी केले. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात लिहिणारा लेख माझ्या पाहण्यात नाही. कुटुंबाची वीण नाताळच्या सुट्टीत आणि यात्रेच्या दिवसांत भराभर घातली जाई, पुढे वर्षभर पुरावी म्हणून.

यात्रा म्हटली की आपल्याला हरेगावच आठवते. 1949 पासून सप्टेंबरमध्ये मतमाउलीच्या यात्रेला गावोगावचे लोक येतात. आधी नोव्हेना, मग मुख्य दिवस. त्या गर्दीत दरवर्षी मुले हरवतात आणि ध्वनिक्षेपकावरून त्यांच्या सदऱ्याचा रंग पुकारला जातो. माझेही एकदा हरवले होते. तासाभराने ते शेवेच्या दुकानापाशी सापडले तेव्हा मी आधी त्याला जवळ घेतले नाही. आधी रागावले, चारचौघांत रागावले, आणि मग रडले. रात्री लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढून वाचला. यरुशलेमच्या यात्रेहून परतताना बारा वर्षांचा येशू मागे राहतो, आईबाप तीन दिवस शोधतात, आणि मंदिरात तो सापडल्यावर मरियेचे पहिले बोलणे काय आहे? तो रागच आहे. काळजीने पोळलेल्या आईचा राग. मुलाचे उत्तरही त्या क्षणी तिला समजत नाही, असे लूक स्पष्ट सांगतो. पवित्र शास्त्राने हे झाकले नाही. तसबीर काढणाऱ्याने झाकले आणि आपण शास्त्र सोडून तसबिरीवरून लिहित बसलो. सासूबाईंचे ते वाक्य अगदीच चूक नव्हते. धपाट्याचे लुकाला कुणी सांगितले नसेल, पण रागाचे सांगितले होते, आणि ज्या अर्थी ही गोष्ट मरियेने अंतःकरणात जपून ठेवली असे तो लिहितो, त्या अर्थी ती तिनेच सांगितली असावी असे मानायला मला आवडते.

आता भाषेचा प्रश्न उरतो आणि तो तातडीचा आहे. श्रीरामपुरातील आपली बहुतेक नातवंडे इंग्रजी माध्यमात जातात. माझी नात रोझरीतील प्रार्थना इंग्रजीत म्हणते आणि पणजीच्या तोंडचे ‘असंल-नसंल’ ऐकून खुदखुदते. त्यात तिचा दोष नाही. पण ज्या बायकांना फाटकापाशी उभे राहिल्याचे आठवते त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना लिहिता येत नसेल तर त्यांच्या सुनांनी, नातींनी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. व्याकरण सुधारू नये, भाकरीला पोळी करू नये, आणि शेवटी बोधाची ओळ जोडू नये. असे लेखन संपादकांकडे आल्यास त्यांनी ते ‘कुटुंब-विशेषांका’साठी घासूनपुसून घेण्याचा मोह टाळावा, एवढी विनंती.

‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर, 1936 साली आला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत त्या नाशिकला वारल्या. हाती घेतलेले काम अपुरे राहिले. ते पुरे केले देवदत्ताने, म्हणजे त्याच दत्तूने. त्याने ते निष्ठेने केले आहे. तरीही आईचा हात थांबतो आणि मुलाचा सुरू होतो ते ठिकाण वाचकाला कुणी दाखवावे लागत नाही. तोपर्यंत आपण स्वयंपाकघरात बसलेलो असतो. त्यानंतर आपल्याला बैठकीत बसविले जाते, आणि बोलणे आदराने होऊ लागते.