बारोलो आणि आपला ‘तुरट’

बारोलो गावातल्या एका तळघरात पहिला घोट घेतला आणि मी गप्पच बसले. पेल्यातला रंग फिका, विटकरीकडे झुकणारा. वाटलं, वाइन नाजूक असणार. पण घोट गिळला आणि हिरड्या आवळल्या, जीभ कोरडी पडली.

इटलीतल्या पिएमाँते प्रांतातली ही वाइन फक्त नेब्बिओलो द्राक्षाची. किमान 38 महिने मुरवलेली, त्यातले 18 लाकडी पिंपात. तरी तिच्यातलं टॅनिन सहज नमत नाही. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं.

वाइनचे समीक्षक बारोलोत गुलाब आणि डांबर शोधतात. गुलाब मला सापडला. डांबरासाठी मी खोटीच मान डोलावली. माझी तक्रार इथेच आहे. वासांची यादी लांबत जाते आणि तोंडात जे घडतं ते ‘टॅनिक’ म्हणून उरकलं जातं. मला तर त्यासाठी जांभूळ, आवळा खाताना मिळालेला शब्द होता: तुरट. आपल्याकडे सहा रसांत त्याला मानाची जागा आहे.

चीजचा तुकडा खाऊन दुसरा घोट घेतला. तुरटपणा मवाळ झाला, गुलाब पुढे आला. डांबर तेव्हाही नव्हतं. या वेळी तसं सांगितलं.