‘अरुणोदया’ची साक्ष

परमहंस मंडळीविषयीं लिहितांना बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्राचा आधार घेण्याची वहिवाट आपल्या संशोधकांत जुनी आहे. मंडळीचे एक प्रवर्तक दादोबा पांडुरंग यांचें आत्मचरित्र तिच्या स्थापनेपर्यंत पोंचण्यापूर्वींच थांबतें. तेव्हां आंतल्या माणसाची साक्ष हवी असल्यास बाबांकडेच जावें लागतें. मात्र तेवढीं पानें उतरून घेऊन उरलेला ग्रंथ ‘मिशनरी वाङ्मय’ म्हणून बाजूस सारण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाहीं.

ग्रंथाचा मुख्य विषय मंडळी नव्हेच. मनास पटलेला धर्म चारचौघांत आचरतां व सांगतां येतो कीं नाहीं, हा त्याचा विषय आहे. सरकारनें याचें अर्धें उत्तर १८५० सालच्या २१ व्या कायद्यानें दिलें होतें. धर्म किंवा जात सोडली एवढ्यावरून कोणाचा वारसा वा मालमत्ता बुडविणारी रूढि न्यायालयें चालवून घेणार नाहींत, असें त्यानें ठरविलें. परंतु पंक्ति, पाणवठा व सोयरीक यांवर त्या कायद्याचा अंमल कसा चालावा? कांसार जातींत १८३१ सालीं जन्मलेल्या बाबांनीं १८५४ सालीं बेळगांवीं बाप्तिस्मा घेतला, तो हें सर्व जाणूनच.

याच्या शेजारीं मंडळीचें चित्र ठेवून पाहावें. ख्रिस्त्यानें केलेला पाव खाऊन जातिभेद मोडावयाचा, पण तो बंद दाराआड. आणि १८६० च्या सुमारास सभासदांचीं नांवें बाहेर फुटतांच मंडळीच विखुरली. या सभासदांस भित्रे म्हणून मोकळें होणें सोपें आहे. आम्ही तसें म्हणत नाहीं. श्रीपत शेषाद्रि या लहान मुलाचें प्रकरण १८४३ चें. पाद्र्यांच्या घरीं राहिलेला हा मुलगा न्यायालयानें बापाच्या स्वाधीन केला, तरी त्यास परत पंक्तीस घेण्यास सनातनी तयार होईनात, आणि त्याच्या शुद्धीचा पक्ष घेणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांवरही रोष ओढवला. असा दाखला डोळ्यांपुढें असतां दार बंद करून घेणाऱ्यांचें भय खोटें नव्हतें. ‘अरुणोदया’चें मोल हेंच कीं तें भय अंगावर घेऊन उघड्यावर आलेल्या माणसाची हकीकत त्याच्याच लेखणींतून येथें मिळते.

आतां दोष. ग्रंथ बाप्तिस्म्यानंतर चौतीस वर्षांनीं छापला गेला. लेखक तोंवर मुरलेला प्रचारक झाला होता, आणि मागील प्रत्येक पाऊल उजेडाकडेच पडत होतें, असें त्यास दिसतें. नांवच पाहा ना! म्हणून जुन्या सोबत्यांच्या मनांतले हेतु तो सांगतो तेथें इतर पुरावा शोधावा. स्वतःची घालमेल सांगतो तेथें मात्र त्याचाच शब्द प्रमाण. प्रतिपक्षाच्या प्रामाणिकपणाचें माप तो आंखडत्या हातानें घालतो, हेंही नमूद केलें पाहिजे. वस्तुतः विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ सालीं मुंबईच्या समुद्रकांठीं पाद्र्यांशीं जाहीर वाद घालीत होते, तेही याच मोकळिकीच्या बळावर. त्याच वर्षीं बाबांनीं ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केलें. हिंदु विधवांची दुर्दशा सांगत सांगत वाचकास ख्रिस्ताकडे नेण्याचा त्यांतील डाव उघड आहे. पण डाव लपविला नाहीं, ही गोष्टही तितकीच उघड आहे.

संग्राहकांस एक विनंती. मोडी दप्तरें धुंडाळतांना देवळांच्या व मठांच्या कागदांवर आपण थांबतों. चर्चांतील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, ख्रिस्ती घराण्यांतील जुनीं पत्रें, १८४२ पासूनच्या ‘ज्ञानोदया’चे सुटे अंक हीं कोणाच्या संग्रहांत असल्यास त्यांच्या याद्या मंडळाकडे पाठवाव्या. बाबांनीं दिलेल्या मित्या व नांवें त्यांशीं एकेक करून ताडून पाहावयाचीं आहेत.