विंचूदंशावरील तीन निबंध : कौतुकापलीकडचे वाचन

ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टरांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात त्याग आणि गैरसोय यांचे वर्णन भरपूर असते. त्या डॉक्टरने विचार कसा केला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्याबाबत असेच झाले आहे. १९७६ साली ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, विंचूदंशावर उपाय शोधला, तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, २०२२ साली पद्मश्री मिळाली, अशी ही कथा सांगितली जाते. ती खरीच आहे. पण विज्ञान शिकवणाऱ्याला ती पुरत नाही. त्यासाठी १९८२, १९८६ आणि २०११ सालचे त्यांचे निबंध एकापाठोपाठ पाहावे लागतात.

पहिल्या निबंधाचा भर औषधावर नसून निरीक्षणावर आहे. लाल विंचू चावल्यावर दिसणारी भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही लक्षणे म्हणजे हृदयावर येऊ घातलेल्या संकटाची पूर्वसूचना होय, असे त्यात मांडले आहे. अशा कामाला मोठ्या यंत्रांपेक्षा रुग्णाजवळ तासन्‌तास थांबण्याची आणि काटेकोर नोंदी ठेवण्याची गरज असते.

दुसरा निबंध प्राझोसिनचा. विंचवाच्या विषामुळे मज्जातंतू अनावर उत्तेजित होतात आणि ॲड्रेनालिनसारखी द्रव्ये रक्तात मोठ्या प्रमाणावर उतरतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि शेवटी फुफ्फुसांत पाणी साठते. प्राझोसिन हे उच्च रक्तदाबावरचे जुने औषध. ते या आवळण्यालाच अटकाव करते. गोळी स्वस्त आणि तोंडाने घेण्याजोगी. मात्र रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून रुग्णाला झोपवून ठेवावे लागते. गंभीर दंशात पूर्वी २५ ते ३० टक्के रुग्ण दगावत. या उपचारानंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आले, असे बावस्करांनी नोंदवले आहे.

येथे वाचकाने थोडे थांबावे. ही तुलना 'आधी' आणि 'नंतर' यांची आहे. मधल्या वर्षांत रस्ते सुधारले असतील, लोक मांत्रिकाकडे न जाता लवकर दवाखान्यात येऊ लागले असतील. मग सारा फरक गोळीचाच कशावरून? हा प्रश्न विचारणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. औषधाची क्रिया विषाच्या क्रियेला नेमकी छेद देते, हा भक्कम आधार आहे. पण आधार म्हणजे चाचणी नव्हे.

ती उणीव २०११ सालच्या, 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधील निबंधाने काही अंशी भरून निघते. बावस्कर दांपत्याने विषाची लक्षणे अंगभर दिसू लागलेल्या ७० रुग्णांचे यदृच्छया दोन गट केले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन दिले, ३५ जणांना त्यासोबत प्रतिविषही दिले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८, तर दुसऱ्यात ३२ निघाले. म्हणजे ज्या गोळीने त्यांना नाव दिले, ती एकटी मागे पडली, आणि हे त्यांनी स्वतःच छापले. माझ्या मते तिन्ही निबंधांत मोठा तो हाच. त्यालाही मर्यादा आहेत. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, संख्या लहान होती आणि मोजला गेला तो बरे होण्याचा वेग, मृत्यू नव्हे.

या कथेतून एक चुकीचा धडाही घेतला जातो : 'बुद्धी असली की साधने लागत नाहीत.' घोटीकडे पाहावे. आज घोटीजवळ धामणगावला वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. पण इगतपुरी तालुक्यातल्या एखाद्या आडबाजूच्या पाड्यावरून भर पावसात रुग्णाला तिथवर आणायचे, तर मोलाचा वेळ वाटेतच जातो. गोळी जवळच्या आरोग्य केंद्रात देता येते. प्रतिविष शिरेतून द्यावे लागते. त्याचा साठा हवा आणि उलट प्रतिक्रिया आली तर ती सांभाळणारे हात हवेत. तेव्हा २०११ सालचा निष्कर्ष डॉक्टरच्या जिद्दीइतकाच औषधपुरवठ्याच्या व्यवस्थेलाही उद्देशून आहे. गोळीवर भागते म्हणून प्रतिविष न ठेवणे, हा या संशोधनाचा उलटा अर्थ होईल.

शिक्षकांनी नावे न सांगता ३५ पैकी ८ आणि ३५ पैकी ३२ हे आकडे नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहावेत. गट कसे पाडले असावेत, कोणत्या गोष्टी सारख्या ठेवायला हव्यात, आणखी काय मोजायला हवे होते, हे मुलांना विचारावे. डॉक्टरांचे नाव आणि बिरवाडीची हकिकत नंतर सांगावी. मग मुलांना कौतुक कशाचे करायचे, तेही कळेल.