पार्किंगमधली वीज आणि सव्वापट भार

सौरऊर्जेचा धडा शिकवताना आपण फळ्यावर एक चित्र काढतो : वर सूर्य, गच्चीवर पॅनेल, खाली उभी मोटार आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा बाण. पण दुपारी बारा वाजता, जेव्हा हा बाण सर्वांत जाड हवा, तेव्हा मोटार मालकाबरोबर नाशिकला गेलेली असते. ती परतते तेव्हा सूर्य मावळलेला असतो. आपल्या नियमांनी या अडचणीकडे कसे पाहिले आहे?

केंद्राच्या नमुना बांधकाम उपविधींत फेब्रुवारी २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. वाहनतळाच्या क्षमतेच्या २० टक्के वाहनांसाठी चार्जिंगची सोय असावी. आणि सर्व चार्जर एकाच वेळी चालू आहेत असे धरून, त्याच्या १.२५ पट जादा वीजभार घ्यावा, असे ती सांगते.

आता हिशेब करू. समजा, सायखेड्यात दहा सदनिकांची एक इमारत आहे. टाकी, जिना आणि सावल्या वगळून गच्चीवर १०० चौरस मीटर जागा उरली. किलोवॅटला सुमारे १० चौरस मीटर लागतात. म्हणजे पॅनेल १० किलोवॅटचे, आणि वर्षाच्या सरासरीने वीज दिवसाला ४० युनिटांच्या आसपास. पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांना १५ युनिटे दिली, तर २५ उरतात. नाशिकला जाऊन-येऊन मोटारीला आठ-नऊ युनिटे लागतात. तीन मोटारींतच गच्ची संपली! (स्कूटरला तेवढ्याच अंतरासाठी दोनेक युनिटे पुरतात. गावातला खरा प्रश्न स्कूटरचा आहे, पण चित्रात नेहमी मोटारच असते.)

या तीन मोटारी रात्री ३.३ किलोवॅटच्या सॉकेटवर एकदम लावल्या, तर भार ९.९ किलोवॅट, उपविधीप्रमाणे सव्वापट, म्हणजे १२.४ किलोवॅट. त्याच मोटारी एकीमागून एक लावल्या तर? प्रत्येकीला अडीच-तीन तास. रात्री दहाला सुरुवात केली, तर सकाळी सातपर्यंत तिन्ही तयार, आणि भार कधीही ३.३ किलोवॅटच्या वर जात नाही. पाळी लावायला एक साधे नियंत्रक यंत्र पुरते. तारा तासन्‌तास तापतात, म्हणून सव्वापटीची सावधगिरी रास्तच आहे. आमचा आक्षेप 'एकाच वेळी' या शब्दांवर आहे. त्यांच्यामुळे सोसायटीवर जाड केबलचा आणि प्रसंगी मोठ्या रोहित्राचा खर्च पडतो.

२०२४ च्या 'सूर्यघर' योजनेतही हीच नजर दिसते. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, त्यात वाहनांचे चार्जिंगही धरून, किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल किती, हे मोजले. वीज कोणत्या तासाला वापरणार, हे विचारलेच नाही. नेट मीटरमुळे बिलाची वजाबाकी होते हे खरे. परंतु दुपारी दिलेले युनिट कुठे साठून राहत नाही. ते शेजारीपाजारी खर्च होते, आणि रात्री परत येते ते बहुधा कोळशावरचे. एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र पाहिलेल्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट कोणत्याही टक्केवारीत बसत नाही. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले होते. इथे चार्जर तळमजल्याच्या खांबावर बसवण्याआधी पुराची खूण कुठवर आली होती, ती पाहायला हवी, आणि त्या वाहनतळाचा वीजपुरवठा तोडण्याचा खटका वरच्या मजल्यावर हवा.